शाल वापस कर

माय,

काल मी बीरगावला कुस्ती पाहून आले. टीव्हीवर नाही, समोर बसून. चारी बाजूंनी दोर बांधलेली रिंग, वर पिवळे दिवे, घंटा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला रेफरी, आणि पहिल्या रांगेत मी, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ, मांडीवर पर्स. तू गेल्यापासून तुला सांगण्यासारखं बरंच घडलं. ऑफिसात बढती झाली, शहरात तेलीबांध्याला तलावाजवळ फ्लॅट झाला, तुझा नातू शिकून नोकरीला लागला. पण त्यातल्या कशासाठीही मी कागद घेऊन बसले नाही. ते तुला कळलं नाही तरी चालण्यासारखं होतं. हे मात्र कळलंच पाहिजे. आज सकाळपासून माझा आवाज बसलेला आहे. ऑफिसात ज्याला त्याला वाटतं मला सर्दी झाली आहे, आणि मीही मान डोलावते.

बीरगावातली आपली ती खोली मला काल फार आठवली. दाराशी कोळशाची शेगडी, समोर लोखंडी पेटीवर टीव्ही, आणि दोन्हीच्या मध्ये तू. शेजारच्या उरल्याच्या मिलमध्ये कामाला असलेली, एकटी राहणारी पोरं तुझ्याकडे डबा लावायची, आणि कुस्ती लागायची नेमकी तुझ्या पोळ्यांच्या वेळेला. पोळपाट तू टीव्हीकडे तोंड करून मांडायचीस. हात पोळीवर आणि डोळे पडद्यावर. पडद्यावरचा तुझा पहिलवान मार खायला लागला की पोळ्या जाड व्हायच्या, तो उठून उभा राहिला की पातळ. डबा परत करायला आलेली पोरं विचारायची, काकू, काल तुमचा गडी हरला का, पोळी तोडता तुटत नव्हती. आणि तुझा तो आवाज! दुष्ट पहिलवान मागून खुर्ची घेऊन यायचा, रेफरी भलतीकडेच बघत असायचा, आणि तू लाटणं पोळपाटावर आपटून ओरडायचीस, "मांगं पाय ना बे, आंधया!" तुझा पहिलवान आडवा झाला की "उठ रे पोट्ट्या, उठ!" बाबा रात्रपाळी करून आलेले, तोंडावर गमछा टाकून पडलेले. ते गमछ्याखालूनच म्हणायचे की तुझ्या ओरडण्यानं तो उठला काय. तू अगदी गंभीरपणे विचारायचीस, मग कशानं उठला?

मी नववीत असताना नागपूरहून आलेल्या मामानं मला सांगितलं की ही सगळी नुरा कुस्ती असते, कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मला वाटलं, हे तुला सांगितलंच पाहिजे, नाही तर तू जन्मभर फसत राहशील. तू शेगडीला वारा घालत होतीस. माझं सगळं ऐकून घेतलंस, हातातला पुठ्ठा खाली ठेवलास आणि मला चांगलंच झापलंस. "मले का समजत नाही का वो? लगनात नवरी सासरी जानार हे साऱ्यायले माहीत रायते. तरी रडतेत का नाही? मंग मीच काहून चूप बसू?" आणि वर म्हणालीस, जाय, कणीक भिजव. त्या दिवसापासून मीही तुझ्या शेजारी बसून ओरडायला लागले. पण तू गेलीस तेव्हा भेटायला आलेल्या बायका तुझ्याबद्दल काय म्हणाल्या माहीत आहे? बिचारी फार भोळी होती, टीव्हीतली मारामारीसुद्धा खरी समजायची. मायेनंच म्हणाल्या, त्यांना मी दोष देत नाही. पण ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते इतकी वर्षं अडकूनच राहिलं. भोळी म्हणे. तू!

आता कालचं ऐक. आमच्या ऑफिसच्या गेटवर एक पोट्टी सिक्युरिटी गार्ड आहे. बीरगावचीच, बाप रोलिंग मिलमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी कानात इअरफोन घालून मोबाईलवर काहीतरी ऐकते, तर सगळ्यांना वाटतं मॅडम प्रवचन ऐकतात. एकदा या पोट्टीनं मागून डोकावलं आणि तिला दिसलं की मॅडम कुस्ती पाहून राहिल्या. झालं, तिनं माझा पिच्छाच धरला. ती स्वतः कुस्ती खेळते, हीच, दोरांच्या रिंगमधली. ड्यूटी संपली की बीरगावातल्या एका जिममध्ये जुन्या गाद्यांवर पडायला शिकते. रिंगमध्ये तिचं नाव 'सरिया'. मिलमधून लाल होऊन निघतो तो लोखंडी सरिया, बांधकामाची सळई, बापाच्या हातचा, म्हणून. त्यांचा शो बीरगावच्या मैदानावर रविवारी होता, आणि त्यात पहिल्यांदाच मुलींची लढत ठेवली होती, तीही हिनं जिमवाल्या भैयाचं डोकं खाऊन. भैयानं एकच अट घातली होती. लढत चालू असताना लोक उठून गुपचुपच्या ठेल्याकडे गेले, तर यापुढे मुलींची लढत बंद. चटपटीत पाण्यात बुडवलेली ती पुरी जिंकते की पोरी जिंकतात, एवढाच प्रश्न होता. "हमारे यहाँ लोग शरमाते हैं, दीदी," ती म्हणाली. "मोबाइल निकाल के चुपचाप देखते रहते हैं. आप आइए. आपको मालूम है कब चिल्लाना है." माय, मी इतकी वर्षं नोकरी केली, फायली काढल्या, साहेबांच्या चुका निस्तरल्या. पण मला जे खरोखर येतं ते कुणी मागायला आलं असं पहिल्यांदाच झालं.

तुझ्या नातवानं मला स्कूटरवर सोडलं. त्याला मराठी सगळी कळते, बोलायचं मात्र हिंदीतच. वाटेत म्हणाला, मम्मी, ये सब स्क्रिप्टेड होता है. मी त्याला तुझं नवरीचं उत्तर जसंच्या तसं ऐकवलं. तो हसला, 'हव, ठीक है' म्हणाला, आणि ओळखीच्या कुणी आईबरोबर पाहू नये म्हणून मागे ठेल्याजवळ जाऊन उभा राहिला. मैदान भरलं होतं. मिलची पहिली पाळी सुटलेली माणसं तशीच आली होती, बायका स्वेटरवर साड्यांचे पदर खोचून बसल्या होत्या, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ती आपली ओळखीची मिलची काळी धूळ होती, हात फिरवला की बोट काळं. आधी पोरांच्या दोन लढती झाल्या, त्या बऱ्या झाल्या. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. मग मुलींची आली, आणि तिथं असा घोळ झाला की जो आपल्या मुलखातच होऊ शकतो.

तुला सांगायला नको, कुस्तीत एक चांगला लागतो आणि एक वाईट, आणि वाइटावर लोक खवळले नाहीत तर चांगल्याच्या जिंकण्यात काही राम राहत नाही. आमच्या लढतीतली वाईट म्हणजे 'मैडम'. पांढरे कपडे, मोठा काळा चष्मा, हातात फवाऱ्याची बाटली. ती आली ती रिंगच्या दोरांवर औषध फवारून रुमालानं पुसतच आली. मग माईक घेतला आणि नाक मुरडून म्हणाली, "मैं तेलीबांधा में रहती हूँ, तालाब के किनारे. तुम लोगों के यहाँ तो हवा भी हाथ धोके लेनी पड़ती है." आता तेलीबांध्याला तर मीच राहते, तरी मला असा राग आला म्हणून सांगू! लोकांतही कुजबुज सुरू झाली, एक-दोघांनी हुर्यो केली. बरोबर चाललं होतं. तेवढ्यात प्रमुख अतिथी म्हणून सोफ्यावर बसवलेले एक नेते उठले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की मुली पहिल्यांदाच खेळून राहिल्या. ते सरळ रिंगमध्ये चढले आणि म्हणाले की बेटियांचं स्वागत झालंच पाहिजे. पोरांच्या वेळी नाही सुचलं ते. शाली आल्या, नारळ आले. सरियाला शाल-श्रीफळ, मैडमलाही शाल-श्रीफळ. आणि ती मैडम, इतका वेळ नाक मुरडणारी, खांद्यावर शाल पडताच सवयीनं चष्मा काढून वाकली आणि नेत्यांच्या पाया पडली. चांगल्या घरची पोर, काय करणार! लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. झालं मातेरं. मोठ्यांच्या पाया पडलेल्या पोरीला आता शिव्या कोण घालणार?

घंटा वाजली तेव्हा मैदानात परीक्षेच्या हॉलसारखी शांतता. पोरी जीव तोडून खेळत होत्या. सरियानं मैडमला कमरेवरून उचलून टाकलं, फळ्या दणाणल्या, आणि इकडून तिकडून चार टाळ्या आल्या, सत्काराला वाजवतात तशा. मैडमनं तिचे केस ओढले, तरी लोक कौतुकानंच बघत होते. मग मागच्या खुर्च्यांवरून माणसं उठायला लागली. आधी एक जोडपं, मग पोरांचा एक घोळका. सगळे ठेल्याकडे. जिमवाला भैया रिंगच्या कोपऱ्याशी हाताची घडी घालून उभा होता आणि रिंगकडे नाही, ठेल्याकडेच बघत होता. सरिया दोराला पाठ लावून धापा टाकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. गेटवर बॅग तपासताना हसते ती पोट्टी, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नाटकातलं नव्हतं.

मी विचार केला की खोड कुठं आहे. खोड त्या शालीत होती. आमच्या ऑफिसात नाही का, ज्याच्या नावानं वर्षभर सगळे बोटं मोडतात त्याला निवृत्तीला शाल घातली की तो देवमाणूस होतो. ती शाल मैडमच्या कोपऱ्यात दोरावर घडी करून ठेवलेली होती, खाली फळीवर नारळ. मी पर्स खुर्चीवर ठेवली, उठले आणि ओरडले, "शाल वापस कर!" पहिल्यांदा आवाज चिरकाच निघाला. ऑफिसात इतकी वर्षं हळू बोलून बोलून गळा बावळट झाला होता. शेजारच्या बाईनं माझा हात ओढला. "काबर दीदी? नोनी तो बने हे." का म्हणून, पोरगी चांगली तर आहे, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, आत्ता आपल्या हवेला नावं ठेवली आणि आपलीच शाल पांघरली, हे चालतं का? ती बाई दोरावरच्या शालीकडे बघायला लागली. मग पदर खोचून उभी राहिली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. मग तिच्या मागची. मग मिलमधली माणसं. "शाल वापस कर! शाल वापस कर!" आणि काय सांगू माय, ती मैडम किती हुशार पोट्टी! तिनं सरियाला सोडलं, कोपऱ्यात गेली, शाल उचलली, आमच्याकडे बघून गोड हसली, आणि त्या शालीनं आपले बूट पुसले. आधी डावा, मग उजवा, सावकाश.

मैदान पेटलं. असा आवाज मी बीरगावात चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीशिवाय कधी ऐकला नव्हता. ठेल्याकडे गेलेले लोक गालात पुरी तशीच ठेवून मागे वळले. नेते सोफ्यावरून उठून "अरे, अरे" करत राहिले, त्यांच्याकडे कोण बघतं! आता सरियाचा प्रत्येक ठोसा आमचा होता. ती जिंकायलाच आली होती की मैडमनं रेफरीला मुद्दाम एका कोपऱ्यात बुटाची नाडी दाखवायला वाकवलं आणि मागच्या मागे हात घालून नारळ उचलला. स्वागताचा नारळ! माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "मांगं पाय ना बे, आंधया!" त्या रेफरीला मराठी येत असती तरी त्यानं पाहिलं नसतं, ते त्याचं कामच नाही, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही आहे. नारळ बसला. सरिया आडवी झाली.

आणि आता मैडम काय करते, तर तिच्याभोवती फिरते. चष्मा घालते. ओठांवर बोट ठेवून सगळ्या मैदानाला गप्प करते, आणि मैदान खरंच गप्प होतं. सरिया पालथी पडलेली आहे, तिच्या वेणीत ती काळी धूळ आहे, एक हात दोराकडे गेलेला आणि तिथंच राहिलेला. तिनं शनिवारी गेटवर मला सांगितलेलं असतं की ती जिंकणार आहे. कसं जिंकणार तेही सांगितलेलं असतं. नवरी सासरी जाणार हे मला पक्कं माहीत आहे. तरी माझे डोळे वाहतात, आणि मी माझ्याच खुर्चीच्या पाठीवर थापा मारते, तुझं लाटणं पोळपाटावर पडायचं तशा, आणि ओरडते. तू म्हणायचीस 'उठ रे पोट्ट्या'. तुझ्या वेळी सगळे बाप्येच असायचे. मी ओरडते, "उठ वो पोट्टे! उठ!" या वेळी आवाज चिरकत नाही. तो पोटातून येतो आणि तो माझा नसतोच. शेजारची बाई तिच्या खुर्चीवर थापा मारायला लागते. तिला शब्द कळत नाहीत, पण म्हणता येतात. उठ वो पोट्टे. छत्तीसगढी बायका, बिहारचे मिलवाले, झारखंडचे ड्रायव्हर, सगळे आपली भाषा ओरडून राहिले, माय, सगळ्या खुर्च्या वाजून राहिल्या. आणि मागून, सगळ्यांच्या वरून, एक फाटलेला आवाज येतो, "उठ ना वो पोट्टे, उठ!" मी वळून पाहते. तुझा नातू. खुर्चीवर उभा, एका हातात गुपचुपचा द्रोण, दुसरा हात वर. त्यात तो 'ना' त्यानं स्वतःच्या मनानं घातलेला. त्या पोट्ट्याच्या तोंडून मराठीचा शब्द काढायला मी किती वर्षं घासली!

सरिया उठली. आधी गुडघ्यावर, मग उभी. मैडमनं पुन्हा नारळ उगारला, ती खाली वाकली, आणि नारळ लोखंडी खांबावर आपटून असा फुटला की सगळं पाणी मैडमच्या चष्म्यावर. आपण काही नारळ फोडणाऱ्यांतले नाही, पण काल मीही हात जोडले. सरियानं तिला खांद्यावर घेतलं, गरकन फिरवलं आणि पाठीवर टाकलं, आणि सगळ्या मैदानानं रेफरीबरोबर मोजलं, एक, दो, तीन. मला उडी मारता येत नाही, गुडघे गेले आहेत. मी मारली. गुपचुपवाला आपला ठेला टाकून खुर्चीवर चढला होता आणि ठेल्यापाशी एकही गिऱ्हाईक नव्हतं. जिमवाल्या भैयानंही तिकडेच पाहिलं, आणि मग माईकवर सांगितलं की पुढच्या शोमध्ये मुलींच्या दोन लढती होतील. सरिया रिंगच्या कोपऱ्यावर चढून दोन्ही हात वर करून उभी होती. गणवेशात रोज साहेबांसाठी दार उघडते ती पोट्टी, आणि काल तिच्यासाठी सगळे उभे होते, साहेब असते तर तेही असते.

लोक पांगल्यावर दोघी माझ्याकडे आल्या. सरियाच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि ती हसणं थांबवू शकत नव्हती. मैडमनं चष्मा काढला होता. ती तेलीबांध्याची नाहीच, उरल्याचीच आहे, बीएला आहे, आणि इतक्या हळू बोलते की कान पुढे करावा लागतो. "आंटी, पैर पड़ गई थी, मैं तो गई थी काम से," ती म्हणाली. मग बूट पुसलेली ती शाल तिनं झटकली आणि माझ्या खांद्यांवर टाकली, अगदी दोन्ही हातांनी, सत्कारात टाकतात तशी. "आप ही ने वापस माँगी थी." सरियानं फुटलेल्या नारळाची एक कवड माझ्या हातात दिली. म्हणजे शाल आणि श्रीफळ दोन्ही झालं. तुझ्या नातवानं टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं नाही. घरी येताना स्कूटरवर मी ती शाल फडफडत ठेवली आणि उरल्याच्या मिलच्या चिमण्यांवरच्या दिव्यांकडे बघून मनात म्हटलं, भोळी होती म्हणे. एवढ्या मोठ्या मैदानानं काल तुझं ऐकलं, माय.

हा कागद कुठं पाठवायचा हा प्रश्नच नाही, तो पेटीत जाईल. टीव्ही गेला, पेटी अजून आहे. पण एक सांगायचं राहिलं. सरियानं मला विचारलं, दीदी, हे असं ओरडायला कुठं शिकलात, आणि मी म्हटलं, ऐसे ही, आ जाता है. तुझं काहीच सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तिथंच रडत बसले असते, आणि काल मला फक्त जिंकायचं होतं. पुढच्या शोला सांगेन, सगळ्यांसमोर. ही शालही खरी तुझीच, हे मला कळतं. पण थंडी फार आहे वो, आणि आत्ता ती पांघरूनच मी हे लिहून राहिले.